‘बाय डेफिनिशन’ नको, अर्थातच!

प्रश्न इंदूरच्याच एका ताईंचा. त्यांच्या मंडळाच्या इतिवृत्तात वाक्य आलंय, ‘आजीव सभासद बाय डेफिनिशन मतदार असतात.’ याला मराठीत काय लिहावं, आणि ‘टेक्निकली’ला काय?

‘बाय डेफिनिशन’ ऐकून माझे कान किटलेत. परवा इथल्या छप्पन दुकान या खाऊबाजारात एकजण ठासून सांगत होता, ‘इंदुरी पोहे बाय डेफिनिशन वाफेवरचे.’ अहो, वाफेवरून उतरवले की ते पोहे राहत नाहीत का? ती करण्याची रीत झाली, व्याख्या नव्हे. ताईंच्या वाक्यातही तेच. मताचा हक्क मंडळाची घटना देते, ‘आजीव’ हा शब्द देत नाही. तिथे सरळ ‘घटनेनुसार’ लिहा.

पण जिथे शब्दाच्या पोटातूनच गोष्ट निघते, तिथे आपला शब्द केव्हाचा तयार आहे: अर्थातच. ‘अर्थात्’ ही संस्कृतातली पंचमी विभक्ती. अर्थातून, अर्थावरून. वर ‘च’चा ठसा. ‘विधुराचं अर्थातच एकदा लग्न झालेलं असतं’ यात ‘बाय डेफिनिशन’चं काय राहिलं सांगा! अशा पंचम्या मराठीत ठिकठिकाणी गोठून राहिल्यात. ‘पश्चात’ घ्या. ‘अकस्मात’ तर माझा फार लाडका: ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे, ज्याला ‘कशामुळे’च नाही, ते अकस्मात.

संस्कृतचे जाणकार इथे मला अडवतात. म्हणे ‘अर्थात्’ अर्थापत्तीचं, म्हणजे दिसतंय त्याचा मेळ बसावा म्हणून न दिसणारं मानून घेण्याचं: देवदत्त लठ्ठ आहे, दिवसा जेवत नाही, अर्थात् रात्री जेवतो, यात व्याख्या कुठे? मान्य, तिथे नाही. पण ‘अर्थ’ वाक्याला असतो तसा शब्दालाही असतो, आणि दोन्हींतून निष्कर्ष निघतो. एकच दार उघडं ठेवायचा हट्ट मला पटत नाही. ‘अर्थातच म्हणजे अलबत’ असं सांगणारे तर साफ चुकतात. अरबीतून आलेला ‘अलबत’ नुसती खात्री देतो. ‘अर्थातच’ खात्रीचं कारणही सांगतो.

आपल्या इंदुरी मराठीत एक खड्डा मात्र आहे. हिंदीत ‘अर्थात’ म्हणजे ‘म्हणजे’. त्यामुळे इथली मुलं ‘विधुर अर्थात पत्नी वारलेला पुरुष’ असं बेधडक लिहितात. मराठीत तिथे ‘म्हणजे’च हवं. आणि हिंदीसारखं व्याख्येला ‘परिभाषा’ म्हणणंही सोडा. मराठीत परिभाषा ही एखाद्या शास्त्राची शब्दावली.

हां, ‘टेक्निकली’. बहुतेक वेळा ‘तसं पाहिलं तर’ पुरतं.