लघुकथेत उपरोधामुळे धक्का आणि हसू कसं निर्माण होतं?
दोन्हींचं मूळ एकच: पात्राला वाटतं एक आणि घडलेलं असतं दुसरंच. फरक पडतो तो वाचकाला ते कधी कळतं यावर.

समजा, कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) चोऱ्यांनी वैतागलेला गोव्यातला एक भाटकार (जमीनदार) गणेश चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात जातो. घासाघीस करून सुपारीचा घड घेतो, वर म्हणतो, "आमच्याकडे असली सुपारी पिकत नाही." घड त्याच्याच कुळागरातला! राखणदाराने तो रात्री उतरवल्याचं आधीच दाखवलंत, तर वाचक भाटकाराच्या प्रत्येक वाक्याला हसेल. शेवटपर्यंत लपवलंत, तर धक्का बसेल. मला पहिली रचना जास्त आवडते. तिच्यात हसू कथाभर टिकतं. दुसरीत मात्र खूण आधी पेरायलाच हवी, उदाहरणार्थ घड बांधलेली ओळखीची दोरी; नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

आणि पात्राचं नुकसान किती, हेही पाहा. फ्रेंच कथाकार मोपासाँच्या १८८४ सालच्या हाराच्या कथेत उसना घेऊन हरवलेला हार शेवटी खोटा निघतो, पण हसू येत नाही. तो भरून देण्यासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोची दहा वर्षं गेलेली असतात. भाटकाराचे मात्र थोडे पैसे आणि बराचसा तोराच जातो.