जुना आयपॉड क्लासिक 'रिस्टोअर करा' म्हणतोय, करू का?

आत्ता नको. तुम्ही लिहिलंय की आयपॉड बाबांचा आहे, १६० जीबीचा क्लासिक. जोडला की आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायचा अॅपलचा प्रोग्रॅम, रिस्टोअर करायला सांगतं, आणि आत फोंड्याकडच्या जत्रांतल्या नाटकांची त्यांनी स्वतः केलेली रेकॉर्डिंग आहेत. रिस्टोअरमध्ये फर्मवेअर, म्हणजे आयपॉड चालवणारा आतला प्रोग्रॅम, नव्याने चढतं खरं, पण त्याआधी अख्खी डिस्क पुसली जाते. सिनेमाची गाणी कुठेही मिळतील. देवळासमोरच्या मांडवात गावच्याच मंडळींनी रात्रभर केलेलं नाटक कुठून आणणार?

शिवाय रिस्टोअर सांगितलं म्हणजे 'फर्मवेअर बिघडलं' या निदानावर लगेच विश्वास ठेवू नका. या आयपॉडचं मुख्य फर्मवेअर गाण्यांच्याच हार्ड डिस्कवर, एका वेगळ्या भागात असतं. बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये सुरुवातीचा प्रोग्रॅम, डिस्क मोड (यात आयपॉड कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखा दिसतो) आणि तपासणीचा मेनू एवढंच. म्हणून डिस्क खराब व्हायला लागली की तक्रार फर्मवेअरच्या नावाने येते. क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला. आतली फिरणारी डिस्क किती म्हातारी आहे याचा हिशेब तुम्हीच करा.

सुरुवात केबलपासून. ती रुंद ३० पिनांची केबल बाजारात स्वस्तात मिळते, पण त्यातल्या काही फक्त चार्जिंगच्या असतात, डेटा जातच नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे या पिनांचं काय होत असेल! आयपॉड बंद करून जुन्या मऊ टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाच हलक्या हाताने घासा, नीट सुकू द्या. लॅपटॉप वापरा, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम अर्धवट राहणार नाही.

आता डिस्क मोड. होल्डचं बटण आधी पुढे-मागे सरकवून मोकळं करा. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. सफरचंद दिसलं की लगेच सोडून मधलं बटण आणि प्ले धरा. स्क्रीनवर 'डिस्क मोड' आलं की कॉम्प्युटरला जोडा. आयट्यून्सने रिस्टोअर विचारलं तर रद्द. विंडोजने डिस्क फॉरमॅट करू का विचारलं तरी रद्दच. आयपॉड पूर्वी मॅकवर तयार केलेला असेल तर विंडोजला तो वाचता येत नाही आणि ते फॉरमॅट सुचवत बसतं. अशा वेळी कुणाचा तरी मॅक मागून आणा.

ड्राइव्ह उघडली तर लपवलेल्या फायली दाखवायची सेटिंग चालू करा. 'आयपॉड कंट्रोल' या फोल्डरात 'म्युझिक', त्यात एफ००, एफ०१ अशी पुढे फोल्डरं, आणि आत चार-चार अक्षरांच्या निरर्थक नावांच्या फायली. घाबरू नका, तीच तुमची गाणी. सगळं एकदम ओढू नका. 'म्युझिक'मध्ये सर्च करून फायली आकाराप्रमाणे लावा. गाणं पाच-दहा एमबीचं, दोन तासांचा अंक शंभराच्या आसपास किंवा वर. नाटकं अशी आपोआप वर येतील, ती आधी उतरवा. एखाद्या फायलीला अडकलं तर ती सोडून पुढची घ्या. शेजारचं 'आयट्यून्स' फोल्डरही घ्याच. घरगुती रेकॉर्डिंगला टॅग, म्हणजे फायलीतच लिहिलेलं नाव वगैरे, बहुधा नसतात, पण बाबांनी आयट्यून्समध्ये नाव टाकलं असेल तर ते या फोल्डरातल्या डेटाबेसमध्ये सापडतं.

डिस्क टक्-टक् वाजत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. प्रत्येक वेळी चालू करण्यात नुकसान वाढतं.

फायली हाती आल्यावर डिस्कची तब्येत बघा. तीच मेनू-मधलं बटणाची रीत, फक्त सफरचंद आल्यावर मधलं आणि मागे जायचं बटण धरा. मॅन्युअल टेस्टमध्ये आयओ, मग हार्ड ड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद. 'रीअॅलॉक्स' (खराब म्हणून बदललेले डिस्कचे तुकडे) आणि 'पेंडिंग सेक्टर्स' (खराब असल्याचा संशय असलेले) शून्याच्या जवळ असतील तर खुशाल रिस्टोअर करा. विंडोजवर आयट्यून्समधून, मॅकओएसची कॅटालिना किंवा त्यापुढची आवृत्ती असलेल्या मॅकवर फाइंडरमधून. १४३९ सारखा एरर आला तर डिस्क मोडमध्ये आणून दुसऱ्या यूएसबी पोर्टवरून पुन्हा करा.

आकडे शेकड्यांत असतील तर रिस्टोअर कदाचित होईल, पण टिकणार नाही. मग डिस्क काढून त्या जागी अॅडॉप्टर लावून एसडी कार्ड बसवतात. माझ्या मते हा सगळ्यात चांगला इलाज, बॅटरीही जास्त चालते. फक्त क्लासिकचं स्टीलचं झाकण उघडताना हमखास वाकतं, त्यामुळे ते घरी करू नका. दुरुस्तीवाल्याला आधीच विचारा, यापूर्वी क्लासिक उघडलाय का. पट्ट्यासारख्या पातळ केबली झाकणालाच जोडलेल्या असतात, झाकण झटक्यात ओढलं की तुटतात.