‘तात्पुरती निवृत्ती’ घ्यावी का?

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण सतरा वर्षं लेबल छपाईचा व्यवसाय भागीदारीत चालवतो. फर्म नोंदणीकृत आहे, हिस्सा निम्मा-निम्मा. आईचं दीर्घ आजारपण आणि नंतर तिचं जाणं, यात मी पार थकून गेले आहे. मला चौदा महिने पूर्ण सुट्टी हवी आहे, त्यातले पहिले सहा महिने परदेशात मुलीकडे. मैत्रिणीची हरकत नाही. तिने एक कागद करून आणला आहे. त्यानुसार मी ‘तात्पुरती निवृत्त’ होणार, माझ्या जागी तिचा मुलगा भागीदार होणार आणि मी परतले की मला ‘सर्वसंमतीने पुन्हा समाविष्ट करून घेण्यात येईल’. खात्यावर दोघींच्या सह्या लागतात, म्हणून २५ कोरे चेक सही करून ठेवायलाही तिने सांगितलं आहे. बँकेच्या कॅश क्रेडिटला (धंद्यासाठी घेतलेल्या खेळत्या कर्जाला) आम्ही दोघी वैयक्तिक हमीदार आहोत. मी सही करू का? दरमहाचं मानधन चालू राहील का? (कारखान्याचा गाळा आमच्याच छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे, तिथे काही अडचण नाही.)

उत्तर : ताई, सही करू नका. चेकवर तर नाहीच, त्या कागदावरही नाही.

मैत्रिणीच्या मनात काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या पत्रावरून तसं वाटतही नाही. अडचण वेगळी आहे. नोकरदाराला रजा असते, ती मंजूर करणारा साहेब असतो आणि परत आल्यावर खुर्ची जागेवर असते. भागीदाराच्या रजेबद्दल १९३२ च्या भागीदारी कायद्यात चकार शब्द नाही. त्या कायद्याच्या लेखी तुम्ही भागीदार असता किंवा नसता. मधली अवस्था हवी असेल तर ती दोघींनी करारात लिहून तयार करावी लागते. तुमच्यापुढे आलेल्या कागदात ती कुठेच नाही, तो कागद तुम्हाला सरळ फर्मच्या बाहेर काढतो.

‘तात्पुरती’ या विशेषणाला इथे काही वजन नाही. निवृत्ती झाली की झाली. आता त्याच्यापुढच्या ‘सर्वसंमतीने’ या शब्दावर बोट ठेवा. कलम ३१ सांगतं की वेगळा करार नसेल तर सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय फर्ममध्ये नवा भागीदार घेता येत नाही. तुम्ही परताल तेव्हा ‘सर्व भागीदार’ म्हणजे मैत्रीण आणि तिचा मुलगा. त्या चौदा महिन्यांत मुलाचं लग्न होईल, त्याचे स्वतःचे बेत ठरतील, धंदा वाढेल किंवा बुडेल. दोघांपैकी एकानं मान हलवली नाही की तुमची वाट बंद. ‘पुढे संमती देऊ’ या वचनाच्या जोरावर कोर्टातून भागीदारी परत मिळवायला निघालात, तर माझ्या मते हाती फारसं काही लागणार नाही.

आणखी एक. निवृत्त झालेल्या भागीदाराचे हक्क सहीबरोबर जातात, जबाबदारी मात्र रेंगाळते. कलम ३२ प्रमाणे निवृत्तीची जाहीर सूचना निघेपर्यंत तुम्ही बाहेरच्या लोकांना बांधील राहता. ही सूचना म्हणजे नातेवाइकांना पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नव्हे. नोंदणीकृत फर्म असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सला कळवणं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापणं, असं सगळं कलम ७२ मागतं. जीएसटीचं वेगळंच. तिथे निवृत्तीची लेखी माहिती एक महिन्याच्या आत आयुक्तांना दिली नाही, तर ती त्यांच्याकडे पोचेपर्यंतच्या करालाही तुम्ही जबाबदार धरल्या जाता. तुम्ही असाल मुलीकडे नातवंडांत, आणि इथे तुमच्या नावावर एका अशा धंद्याचा कर चढत असेल ज्यात तुमचा हिस्साच उरलेला नाही.

मग करायचं काय? मूळ भागीदारी पत्र काढा आणि आधी ते नीट वाचा. काही जुन्या पत्रांत ‘भागीदार सलग सहा महिने गैरहजर राहिल्यास निवृत्त समजला जाईल’ अशा अर्थाचं एखादं वाक्य टायपिस्टच्या कृपेनं कुठल्यातरी दुसऱ्याच्या मसुद्यातून आलेलं असतं. तसं असेल तर ते आधी रद्द करायचं. कलम ३३ खाली करारात तसा अधिकार असेल आणि तो प्रामाणिकपणे वापरला असेल तरच भागीदाराला काढता येतं. पण ‘निवृत्त समजला जाईल’ अशा कलमावर वाद घालत बसण्यापेक्षा ते नसलेलं बरं.

त्यानंतर एक पुरवणी करार करा. तुम्ही भागीदारच राहाल, हिस्सा तोच किंवा दोघी ठरवाल तो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रोजच्या कामातून तुम्हाला मोकळीक, आणि ही मोकळीक म्हणजे कर्तव्यात कसूर नाही, हे स्पष्ट शब्दांत. हे शेवटचं वाक्य फाजील वाटेल, पण ते हवंच. कायदा भागीदाराकडून मेहनतीनं काम करण्याची अपेक्षा ठेवतो, आणि वारंवार करारभंग करणाऱ्या भागीदाराच्या कारणानं दुसरा भागीदार फर्म विसर्जित करायला कोर्टात जाऊ शकतो. आज मैत्रीण हसून ‘जा गं’ म्हणते आहे. त्या हसण्याला दोघींच्या सह्या असलेला कागद जोडलेला असू दे.

परतीची तारीख लिहा, आणि ती पुढे ढकलायची तर किती दिवस आधी कळवायचं तेही लिहा. थकलेल्या माणसाला चौदा महिने नेमके पुरतात असं नाही.

तुमच्याशिवाय काय होणार नाही, हे त्या करारात सर्वांत जास्त जागा घेईल. घेऊ द्या. भागीदार हा फर्मचा एजंट असतो, म्हणजे नेहमीच्या धंद्याच्या ओघात मैत्रिणीनं दिलेली ऑर्डर तुम्हालाही बांधते, आणि फर्मच्या देण्याला तुम्ही एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असता. ‘मी तर तेव्हा सुट्टीवर होते’ हा बचाव कलम २५ ओळखत नाही. स्थावर मालमत्ता विकणं किंवा घेणं, फर्मवरच्या दाव्यात देणं कबूल करणं, फर्मच्या दाव्यात तडजोड करणं, या गोष्टी एकट्या भागीदाराच्या गृहीत अधिकारात मुळातच येत नाहीत. त्यात तुमची भर घाला : नवं कर्ज, मशीनची खरेदी, ठरावीक रकमेच्या वरची उधारी, कुणाला हमी. मात्र एक खाच आहे. दोघींनी आपसात घातलेली बंधनं ज्या व्यापाऱ्याला माहीत नाहीत त्याला ती लागू होत नाहीत. म्हणून करार कपाटात ठेवून जाऊ नका. बँकेला आणि चार-पाच मोठ्या पुरवठादारांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

फर्मची वह्या-हिशेबाची पुस्तकं पाहायचा हक्क मात्र सोडू नका. तो कलम १२ नं दिलेला आहे. दर महिन्याला बँक स्टेटमेंट आणि जीएसटी रिटर्नची प्रत तुमच्या ईमेलवर यावी, इतकंच करारात लिहा. उघडून पाहायचं की नाही ते तुमच्या मूडवर.

मानधनाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण घरात बहुधा तोच पहिला असेल. कायद्यात मुळात भागीदाराला कामाबद्दल मानधन मागण्याचा हक्कच नाही, तो करारातून येतो. तेव्हा दोघींनी ठरवलं तर फर्म तुम्हाला दरमहा रक्कम देऊ शकते. पण आयकर फक्त ‘वर्किंग पार्टनर’ला, म्हणजे धंद्यात प्रत्यक्ष राबणाऱ्या भागीदाराला दिलेलं मानधन फर्मचा खर्च म्हणून मान्य करतो. चौदा महिने सुट्टीवर असलेली भागीदार वर्किंग आहे हे अधिकाऱ्याला पटवायला मी तरी जाणार नाही. तुमच्या भांडवलावरचं व्याज द्यायला मात्र हरकत नसते. करारात तशी तरतूद असेल तर वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत ते खर्चात धरलं जातं. नफ्यातला वाटा तर आहेच, आणि तो तुमच्या हातात करमुक्त असतो. तेव्हा सुट्टीच्या काळात मानधन बंद, व्याज आणि नफा चालू, असं मांडा. आणि एक न विचारलेला सल्ला : मैत्रीण दोघींचं काम एकटी ओढणार आहे. तेवढ्या काळापुरता तिचा हिस्सा थोडा वाढवा किंवा तिचं मानधन वाढवा. तिनं मागण्याआधी तुम्हीच पुढे केलंत, तर उरलेली कलमं मान्य करून घेणं सोपं जाईल.

आता ते पंचवीस चेक.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, असेच लांबच्या मुक्कामाहून परतलेले. त्यांनी एक पूर्ण चेकबुक सही करून भागीदाराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. परत आल्यावर दाराशी टपालाचा ढीग, आणि त्यात चेक न वटल्याबद्दलची, कलम १३८ ची नोटीस. चेकवरचं नाव, आकडा, तारीख, सगळं दुसऱ्याच्या अक्षरात, खाली सही यांची. ‘अक्षर माझं नाही’ हे ते मला दहादा सांगत होते. त्याचा काही उपयोग नव्हता. कोरा चेक स्वखुशीनं सही करून दिला, तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या निकालात सांगितलं आहे. ते गृहीतक खोटं पाडायची जबाबदारी सही करणाऱ्यावर. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. परदेशात सहा महिने असताना हे पंधरा दिवस कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, तुम्हाला कळणारही नाही. कोरी लेटरहेड सही करून देण्याचंही तेच. आणि फायलिंगसाठी डिजिटल सहीचा टोकन (कॉम्प्युटरला लावायचा पेनड्राइव्हसारखा) पासवर्डसकट ऑफिसात ठेवून जाण्याची पद्धत सर्वत्र आहे, ती तर मला सर्वांत भयंकर वाटते.

चेकऐवजी बँकेला नवं सूचनापत्र द्या : अमुक रकमेपर्यंत मैत्रिणीची एकटीची सही, त्यावर दोघींची. नेट बँकिंगमध्ये एकीनं व्यवहार भरायचा आणि दुसरीनं मंजूर करायचा ही सोय कंपन्या-फर्मसाठी बहुतेक बँका देतात. मोठे व्यवहार तुम्ही मुलीच्या घरी बसून मंजूर करू शकता. एवढं काम सुट्टीत परवडेल.

कुणी सुचवेल की मैत्रिणीच्या मुलाला कुलमुखत्यारपत्र द्या. देऊ नका. मुलगा चांगलाच असेल, पण तो तुमच्या वतीनं त्याच्या आईशी वाटाघाटी करणार आहे. मुखत्यार हवाच असेल तर तुमच्या घरातला, किंवा फर्मशी संबंध नसलेला एखादा कर सल्लागार निवडा, अधिकार नावानिशी मोजून द्या, आणि पत्राला संपण्याची तारीख घाला.

वैयक्तिक हमी तुम्ही कुठेही गेलात तरी जागीच राहते. पुढच्या व्यवहारांपुरती सूचना देऊन चालू हमी (एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना लागू असलेली) मागे घेता येते असं करार कायद्याचं कलम १३० म्हणतं, पण हमीपत्रात बँकेनं काय लिहून घेतलं आहे ते पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. सुट्टीच्या काळात कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायची नाही, हे बँकेला दोघींच्या सहीनं कळवा.

आणि ती कंपनी, जिथे ‘काही अडचण नाही’. अडचण आहे. संचालक बारा महिन्यांतल्या एकाही बोर्ड मीटिंगला आला नाही, तर रजेचा अर्ज दिलेला असो वा नसो, कंपनी कायद्याच्या कलम १६७ खाली त्याचं पद आपोआप जातं. तुमची सुट्टी चौदा महिन्यांची आहे. त्यातून दोघीच संचालक असाल, तर कोरम, म्हणजे किमान हजेरी, दोघांची लागत असल्यामुळे तुमच्याशिवाय मीटिंग वैधपणे होतच नाही. झाली असं इतिवृत्तात लिहिलं, तर ते खोटं ठरतं. छोट्या कंपनीला कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक, आणि दोन्हींत किमान ९० दिवसांचं अंतर, एवढ्या मीटिंग पुरतात, आणि व्हिडिओ कॉलवरची हजेरी चालते. निघण्यापूर्वी तारखा ठरवून ठेवा. तुमची जागा दुसऱ्याला ‘सोपवता’ येत नाही, कलम १६६ नं तसं केलेलं सोपवणं रद्दबातल ठरवलं आहे.

हा पुरवणी करार मैत्रिणीपुढे ठेवा आणि तिचं काय म्हणणं येतं ते पाहा. मुलाला धंद्यात आणायची तिची इच्छा असेल, तर तो तिच्या हिश्श्यातून तिसरा भागीदार म्हणून येऊ शकतो, त्यासाठी तुम्ही जाण्याची गरज नाही. ती त्यालाही नाही म्हणाली आणि निवृत्तीवरच अडून बसली, तर तुमची सुट्टी बाजूला ठेवून वेगळ्याच व्यवहाराबद्दल बोलायला बसावं लागेल : आजच्या तारखेचा ताळेबंद, गुडविलसकट (धंद्याच्या नावलौकिकाच्या किमतीसकट) हिश्श्याचं मूल्य, पैसे कधी आणि कसे. ते झाल्यावरही, तुम्हाला हमीतून मोकळं केल्याचं बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय निवृत्तीच्या कागदावर सही करू नका.