देवाने क्षमा केली, मग घरचे का करत नाहीत?

ऑनलाइन रमीच्या नादात एका गृहस्थांनी धाकट्या भावाचे २,४०,००० रुपये घालवले. पुतणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ते विश्वासाने त्यांच्याकडे ठेवलेले होते. फी भरायची वेळ आली तेव्हा सगळं उघड झालं आणि मुलीचं वर्ष वाया गेलं. पुढच्याच रविवारी गृहस्थ उपासनेत सर्वांसमोर रडले, साक्ष दिली (म्हणजे पापाची जाहीर कबुली दिली), पाळकांनी प्रार्थना केली. सहा महिन्यांनी ते समुपदेशनाला आले, तेव्हा त्यांची तक्रार अशी होती: "पाप कबूल केलं की देव क्षमा करतो असं बायबलमध्ये १ योहान १:९ म्हणतं, त्याप्रमाणे देवाने मला क्षमा केली. मग भाऊ बोलत का नाही? बायको एटीएम कार्ड का देत नाही? आणि मुलाला कावीळ झाली, ती माझ्या पापाची शिक्षा तर नाही ना?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी काविळीचं पाहू, कारण धास्ती तिचीच जास्त होती. कावीळ डॉक्टरांकडे न्यायची. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशूने त्याचं किंवा आईबापाचं पाप हे कारण मानलंच नाही (योहान ९:३). दावीद राजाने पाप केल्यावर त्याचं बाळ दगावलं हे खरं, पण तिथे नाथान संदेष्ट्याने ते आधी स्पष्ट सांगितलं होतं. आपल्याकडे असा नाथान आलेला नसताना घरातल्या प्रत्येक दुखण्याला पापाचं लेबल लावू नये. मंडळीतली (चर्चमधली) वडीलधारी माणसं हे सहज बोलून जातात आणि ऐकणारा वर्षानुवर्षं त्याखाली दबून राहतो.

भावाचा अबोला आणि कार्ड यांचं तसं नाही. त्यांचा धागा थेट कृत्यापर्यंत पोचतो. गणना १४:२० मध्ये परमेश्वर इस्राएलांचा पुढारी मोशे याला सांगतो की मी लोकांना क्षमा केली आहे, आणि लगेच म्हणतो की ही पिढी वचनदत्त देश पाहणार नाही. नाथानही दावीदाला एकाच भेटीत दोन्ही गोष्टी सांगतो: पाप दूर झालं आहे, पण तलवार घरातून हटणार नाही. क्षमेने देवाशी तुटलेलं नातं जुळतं. पुतणीचं गेलेलं वर्ष त्याने परत येत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा १४५९ वा परिच्छेदही हेच मांडतो: पापमोचन (कबुलीनंतर धर्मगुरूने जाहीर केलेली क्षमा) पाप काढतं, पापाने केलेलं सगळं नुकसान भरून काढत नाही, चोरलेलं परत करावंच लागतं.

मग गृहस्थांना विचारलं, सहा महिन्यांत भावाला किती परत केले? एक रुपयाही नाही. साक्ष मंडळीपुढे झाली, पण भावासमोर बसून एक वाक्यही बोलले नव्हते. उलट त्याच्या घरची अडचण त्याला न विचारता सगळ्या मंडळीला कळली होती.

पहिलं काम, कबुली कागदावर लिहायची. त्यांच्या पहिल्या मसुद्यात कंपनीतला ताण होता, वाईट संगत होती आणि "माझ्याकडून पैसे गेले" असं वाक्य होतं. ते सगळं खोडून उरलं ते असं: "मी तुझे २,४०,००० रुपये जुगारात घालवले, तीन महिने खोटं बोललो, मुलीचं वर्ष माझ्यामुळे गेलं." शेवटी "मला माफ कर" घालायचं नाही; तो मागणी करण्याचा दिवस नसतो.

दुसरं, भरपाई. लेवीय ६:५ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे, आणि तो मालकाला दिल्यावरच दोषार्पण (दोषासाठीचा बळी) याजकाकडे न्यायचं. २,४०,००० वर ४८,००० धरले तर २,८८,००० होतात. महिना १२,००० प्रमाणे २४ हप्ते. येशूला भेटलेला जकातदार जक्कय चौपट द्यायला निघाला होता, पण हा नियम नव्हे, त्याचा आनंद होता. हप्ता फेडण्यासाठी नवं कर्ज काढायचं नाही, हे बजावून सांगावं लागतं, कारण जुगारातून उठलेला माणूस एका झटक्यात मोकळं व्हायला बघतो.

तिसरं, कार्ड. पगार पत्नीला दिसेल अशा खात्यात, फोनमधून रमीची सगळी ॲप काढलेली, यूपीआयची दैनिक मर्यादा कमी केलेली. हे किमान शेवटच्या हप्त्यापर्यंत, आणि कार्ड कधी द्यायचं ते पत्नी ठरवणार. तिने क्षमा केली असेलही. विश्वास मात्र हिशेब पाहून येतो. "ख्रिस्ती बायको असून माफ करत नाहीस" हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. माझ्या मते पश्चात्तापाची खरी परीक्षा इथेच होते: लावलेला लगाम माणूस कुरकुर न करता सोसतो का.

एक गोष्ट अशा प्रत्येक वेळी थेट विचारावी: जीव द्यायचे विचार येतात का? येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला, त्याने ३० नाणी परतही केली, पण तो येशूकडे वळला नाही. २ करिंथ ७:१० मधला फरक हाच: एक दुःख तारणाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. असे विचार असतील तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही.

भावाने पहिला हप्ता परत पाठवला. इथे बरेच जण "मी प्रयत्न केला" म्हणून सुटतात. गणना ५:८ मध्ये तर घेणारा नातलगच उरला नसेल तरी भरपाई माफ होत नाही, ती परमेश्वराला, म्हणजे याजकाला द्यायची असते. इथे तर पुतणी होती. पाळकांनी भावजयीशी बोलून संमती घेतली आणि हप्ते थेट मुलीच्या खात्यात जाऊ लागले. दर महिन्याची पावती पत्नीकडे असते.