लिनक्सला आणि मॅकला व्हायरस लागतच नाही, हे खरं का?

नाही. कमी लागतो, एवढंच खरं.

विंडोजवर मालवेअर (व्हायरससारखे घातक प्रोग्राम) जास्त, कारण घराघरांत आणि ऑफिसांत तेच चालतं. खिसेकापू गर्दीतच शिरतो. त्यात विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक जण थेट सगळे अधिकार असलेल्या अ‍ॅडमिन खात्यातूनच काम करायचे. एक चुकीची फाइल उघडली की संपलं. व्हिस्टा या पुढच्या आवृत्तीपासून परवानगी विचारणारी चौकट आली (लोक न वाचताच ‘येस’ दाबतात, तो भाग वेगळा), आणि आता डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा मालवेअर ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ‘नंतर करू’ म्हणणारे अडकले.

मॅकवाल्यांनीही फार मिरवू नये. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या मालवेअरने जावा या सॉफ्टवेअरमधल्या फटीतून सुमारे ६ लाख मॅक गाठले होते.

लिनक्सची खरी ताकद म्हणजे सॉफ्टवेअर सहसा डिस्ट्रोच्या (म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या) अधिकृत भांडारातून येतं, कुठल्यातरी साइटवरून उतरवलेल्या सेटअपमधून नाही. पण लिनक्स राउटर आणि कॅमेऱ्यांतही असतं. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने अशीच उपकरणं ताब्यात घेतली, तीही कंपनीने घालून दिलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. नेटवरची कमांड न समजता सुडो (म्हणजे अॅडमिनचे अधिकार) लावून चालवलीत, तर लिनक्स तरी काय करणार?

माझ्या मते अपडेट मिळणारं विंडोज ११ हे अपडेट न केलेल्या लिनक्सपेक्षा बरं. विंडोज १० वापरत असाल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आधी ते बघा.