ठेकेदाराकडं कामाला लागताना

प्रिय मित्रा,

लाइन कंपनीची, सुपरवायझर कंपनीचा, अंगातला शर्टही कंपनीचा. पण पगाराचं विचारलं की एचआर म्हणतो, "तू आमचा नाहीस, ठेकेदाराला विचार." आणि ठेकेदार फोन उचलत नाही. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना, कुठंही जा, आयटीआय करून आलेल्या पोरांची हीच गत आहे. तुझा राग रास्त आहे. पण कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात गेलास की आधी विचारतात, मालक कोण आणि तू तिथं कामाला होतास याचा पुरावा काय? बहुतेक पोरं इथंच अडकतात. ठेकेदाराला सगळे अमुक शेठ म्हणतात, पण त्याच्या फर्मचं नाव कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून नवीन ठिकाणी लागशील तेव्हा पहिल्या आठवड्यातच फर्मचं पूर्ण नाव लिहून घे आणि गेटपासचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेव. नेमणूकपत्र माग. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यानुसार ते द्यावंच लागतं. नाहीच दिलं तर "आजपासून अमुक कंपनीत, अमुक पगारावर रुजू झालो" असा व्हॉट्सॲप मेसेज ठेकेदाराला पाठव. त्याचा नुसता "ओके" आला तरी पुढं उपयोगी पडतो.

नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशनचे पैसे मागणाऱ्याला रुपया देऊ नकोस. मूळ मार्कशीट, टीसी कुणाकडं ठेवायची नाही. झेरॉक्स दे आणि तिच्यावर आडवी तारीख आणि फर्मचं नाव टाक. कोऱ्या कागदावर किंवा बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही मागतात, ती करू नकोस.

आता पगाराची स्लिप. समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,000 आहे आणि दुसरं काही नाही. पीएफ 12 टक्क्यांनी 1,800, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) 0.75 टक्क्यानं 113, व्यवसाय कर 200. हातात 12,887 यायला हवेत. पीएफपोटी 3,600 कापले असतील तर ठेकेदार स्वतःचा हिस्साही तुझ्याच पगारातून काढतोय. ही चोरी सर्रास चालते आणि "सगळ्यांचं असंच असतं" म्हणून पोरं गप्प बसतात.

कापलेले पैसे भरले का, हे पीएफच्या ऑनलाइन पासबुकात बघ. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरणा करायचा असतो, म्हणून 20 तारखेनंतर उघड. तीन रकाने दिसतील: तुझे 1,800, मालकाचे 550 आणि पेन्शनचे 1,250. मालकाचे 550 च बघून कित्येक जण भांडायला निघतात. तसं नाही, त्याच्या 1,800 मधले 1,250 पेन्शनमध्ये जातात. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नोंदच नाही, तेव्हा मात्र तक्रार करायची.

दर ठेकेदाराकडं नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढू देऊ नकोस. 12 आकडी नंबर एकच, तोच सगळीकडं द्यायचा. आधार आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर नाव किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर आधी ती दुरुस्त कर, नाहीतर केवायसी अडकतं आणि पैसे काढताना हेलपाटे होतात. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर सरकारी अप्रेंटिस पोर्टलवरच्या कराराची प्रत माग. त्या काळात स्टायपेंड मिळतो, पीएफ-ईएसआयसी लागत नाही. नुसतं तोंडी "ट्रेनी" म्हणून मशीनवर उभं केलं असेल तर तू कामगारच आहेस.

ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळायला हवा. 15,000 ला 26 दिवस, रोजचे आठ तास धरले तर तासाचे साधारण 72 रुपये पडतात, म्हणजे ओटीचा तास 144 चा. पंचिंगचे तास रोज मोबाइलात लिहून ठेव.

ईएसआयसीबाबत अजिबात ढिलाई नको, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या-कापायच्या मशीनवर असशील तर मुळीच नको. दहा आकडी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घे. काही ठेकेदार बोट तुटल्यावर नोंदणी करायला धावतात. अपघात झाला की खासगी दवाखान्यात नेऊन "घरी पडलो असं सांग, खर्च आम्ही करतो" म्हणतात. तसं सांगू नकोस. केस पेपरवर "कंपनीत, मशीनवर काम करताना" असंच लिहायला लाव. तो कागद घरातली जखम दाखवत असेल तर कामावरच्या दुखापतीची भरपाई आणि कायम अपंगत्वाचं पेन्शन दोन्ही धोक्यात येतं. आजारपणाच्या रजेचे पैसे मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, कामावरच्या इजेला अशी अट नाही.

पगार थकला तर आधी ठेकेदाराला लेखी कळव, मग कंपनीच्या एचआरला. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ कंपनीनं द्यायचा असतो, हे त्या अर्जात स्पष्ट लिही. तरी हललं नाही तर कामगार उपायुक्तांकडं जा. पीएफची तक्रार वेगळी, ती पीएफच्या तक्रार पोर्टलवर करायची. एकट्यानं अर्ज केला की दुसऱ्या दिवशी गेट बंद होतं, म्हणून लाइनवरच्या चार-पाच जणांच्या सह्या घेतल्याशिवाय जाऊ नकोस. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, घाई करून कच्चा अर्ज देऊ नकोस.

काम सोडलंस तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब मिळायला हवा. ठेकेदार पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकत नाहीत, पण शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर तुला स्वतःला टाकता येते. आणि दरवेळी सगळी रक्कम काढून मोकळा होऊ नकोस, नव्या खात्यात वळव. महिन्याच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि ठेकेदार बदलला तरी ती वर्षं जोडली जातात.

मागच्या तीन स्लिपा आणि पासबुकाचा फोटो पाठव. आकडे जुळवून अर्जाचा मसुदा करून देतो.