पाच लाखांची एफडी सुटली, सगळी बेघर निवाऱ्याला देऊ का?

नमस्कार काका, तुमचा मेसेज दोनदा वाचला. वय ६४, झेडपी शाळेतून रिटायर, पेन्शन ३१ हजार, घरखर्च २२, पोस्टात सिनियर सिटिझनमध्ये ९ लाख, आणि आता सुटलेली ५ लाखांची एफडी स्टेशनजवळच्या निवाऱ्याला नवीन हॉल बांधायला द्यायची म्हणताय, काकू म्हणतात थांबा. मी काकूंच्या बाजूने, पण अर्धाच.

आधी ते ८०जी, म्हणजे दानावरची टॅक्स सूट, डोक्यातून काढा. ट्रस्टवाले म्हणाले अर्धे पैसे परत येतात, तसं नसतंय वो. पेन्शन आणि व्याज धरून तुमचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत, म्हणजे जुनी पद्धत घ्या नाहीतर नवी, टॅक्स शून्यच, मग सूट कशातून मिळणार? एक मात्र पाळा, दोन हजारांच्या वर कॅश देऊ नका, चेक किंवा ऑनलाइनच.

आता हॉलचं. निवाऱ्याच्या इमारतीला सरकारी योजनेतून पैसा मिळत आलाय, शहरात दर लाख लोकांमागे एक निवारा हा नियमच आहे, २०११ च्या जनगणनेत आपलं सोलापूर साडेनऊ लाखांचं, त्या हिशोबाने नऊ तरी हवेत. पण निवाऱ्यातून बाहेर पडायला लागणारा पैसा कोण देत नाही, गाडी तिथंच अडते. मागं गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात एक जण भेटला होता, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नाईट करायचा आणि दिवसा निवाऱ्यात झोपायचा. हाताला काम होतं, पण खोलीवाला दहा हजार डिपॉझिट आणि आधार मागायचा, आणि आधार पिशवीसकट चोरीला गेलेलं. कुणीतरी दहा हजार भरले, कार्डाची धावपळ केली, पुढे तो महिन्याला पाचशे करत फेडत होता, आणि तेच पैसे पुढच्या माणसाच्या डिपॉझिटला.

म्हणून माझं म्हणणं असं, २ लाख काकूंच्या गुडघ्यासाठी वेगळ्या एफडीत, मेडिक्लेम नाही म्हणता तर याला हात लावायचा नाही. ५० हजार आत्ताच ट्रस्टला द्या, पण पत्रात स्पष्ट लिहून की हे फक्त डिपॉझिट आणि कागदपत्रांसाठी. उरलेले अडीच लाख बँकेत, सात टक्के धरले तर वर्षाला साडेसतरा हजार, ते दरवर्षी द्या. मुद्दल पण त्यांनाच जावी वाटत असेल तर मृत्युपत्रात लिहा, कारण दान दिलेला पैसा अडचणीत परत मागता येत नाही.

चेक लिहायच्या आधी तिथं जाऊन रजिस्टर बघा, गेल्या वर्षी किती जण निवाऱ्यातून स्वतःच्या खोलीवर गेले आणि सहा महिन्यांनी तिथंच आहेत का. नुसते आज किती झोपले याचे आकडे दाखवले तर घाई करू नका. आणि काकूंना सोबत न्या, असले प्रश्न त्या तुमच्यापेक्षा नीट विचारतील.